मस्टरमधली माझी सही

दवाखाना बंद होऊन साडेतीन वर्षं झाली होती. खाली आता बियाण्या-खताचं दुकान आहे. जिथं आमचं बाळंतपणाचं लेबर टेबल होतं तिथं युरियाची पोती थप्पी लावून ठेवलेली. वरच्या मजल्यावर डॉक्टर मॅडम राहतात. सर २०२१ मध्ये गेले. मॅडमनी जिन्याखालचं लोखंडी कपाट उघडलं तेव्हा आधी झुरळं बाहेर आली, मग बिलबुकं, मग हजेरीची मस्टरं.

"सिस्टर, तू नक्की कधी लागली होतीस गं?"

"१ जून २०१७, मॅडम."

मी अगदी ठामपणे सांगितलं. ठाम असणं भागच होतं, कारण तीच तारीख मी दुबईच्या नोकरीसाठी, कागद पडताळणाऱ्या डेटाफ्लो कंपनीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये टाकून, पैसे भरून, सबमिटचं बटण दाबून बसले होते.

जूनच्या पानावर माझं नाव नव्हतं. मॅडमनी पान उलटलं. जुलैच्या पानावर, आधीच्या सगळ्या नावांच्या खाली, निळ्या पेनानं माझं माहेरचं आडनाव लिहिलेलं. १ ते १६ च्या चौकोनांतून एक आडवी रेघ ओढलेली. १७ तारखेच्या चौकोनात माझी सही. नव्या नोकरीतली सही, त्यामुळं अक्षर न् अक्षर वाचता येईल अशी. ऑगस्टपर्यंत तिचा नुसता वेटोळा झाला होता.

मला आठवत होतं ते एवढंच, की पहिल्या दिवशी मी चिंब भिजून ड्युटीवर पोचले होते. पाऊस म्हणजे जून, हा हिशेब मनानं परस्पर करून टाकला होता. आणि २०१९ मध्ये नोकरी सोडताना सरांनी अनुभवाचं पत्र दिलं त्यातही 'जून २०१७ पासून' असंच होतं. सरांनी तेव्हा मस्टर पाहिलंच नव्हतं. "कधी लागली होतीस?" असं मलाच विचारून लिहिलं होतं.

गोष्ट सुरू झाली होती त्याच्या आठ महिने आधी.

मी आर्वी तालुक्यातली. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.एस्सी. नर्सिंग. शिक्षणानंतर हा खाजगी दवाखाना, मग लग्न, मग मुलगा, मग कोरोनात तात्पुरती ऑर्डर, आणि जानेवारी २०२२ पासून एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी स्टाफ नर्स. कंत्राटी म्हणजे काय ते ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे. दरवर्षी नवा आदेश, आणि आदेश येईपर्यंत जीव टांगणीला. घरी चार एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. माझ्या मिस्टरांनी एका वर्षी कापूस घरात ठेवला, भाव येईल म्हणून. भाव आला नाही, कापसातल्या किड्यांनी अंगाला खाज मात्र आणली. त्याच उन्हाळ्यात माझी एक बॅचमेट ओमानला गेली आणि आमच्या घरात पहिल्यांदा 'दुबई' हा शब्द गंमत म्हणून नाही, हिशेब म्हणून उच्चारला गेला.

सासूबाईंना मात्र सगळ्या प्रकाराचं नवल वाटत होतं. "तुले कोन नाही ओयखत वं? पंचक्रोशीतल्या अर्ध्या पोराईले तूच तं टोचलं." खरं होतं. पण तिकडे पंचक्रोशीला विचारत नाहीत.

इथं एक गोष्ट नीट सांगते, कारण मला ती कुणी सांगितली नाही आणि त्यात माझे दोन महिने गेले. परदेशी जायचं म्हणजे 'कागद अटेस्ट करायचे' एवढंच मी धरून चालले होते. प्रत्यक्षात दोन वेगळे रस्ते आहेत आणि ते एकमेकांना कुठंच भेटत नाहीत. एक रस्ता शिक्क्यांचा. डिग्रीवर आधी राज्याच्या पातळीवरचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग त्या देशाच्या दूतावासाचा. यातला प्रत्येक जण फक्त आधीच्याची सही आणि मोहोर खरी आहे का ते बघतो. तुम्ही खरंच नर्स आहात का, हे त्यातला कुणीच बघत नाही. दुसरा रस्ता मूळ ठिकाणी विचारण्याचा. दुबई हेल्थ ऑथॉरिटीसाठी हे काम डेटाफ्लो करते. त्यांना शिक्के नकोच असतात. डिग्रीचा, रजिस्ट्रेशनचा, अनुभवपत्राचा स्वच्छ रंगीत स्कॅन आणि तुमच्या सहीचं संमतीपत्र एवढं घेतात, आणि थेट विद्यापीठाला, कौन्सिलला, दवाखान्याला विचारतात: ही बाई तुमच्याकडं होती का? कधीपासून कधीपर्यंत? कोणत्या पदावर? लायसन्ससाठी हा रिपोर्ट लागतो, व्हिसासाठी शिक्के लागतात. मी आधी शिक्क्यांच्या मागे धावले आणि रिपोर्टचं काम बाजूला राहिलं. उलटं करायला हवं होतं. रिपोर्टच बिघडला तर शिक्क्यांचा खर्च पाण्यात.

तर शिक्के. माझी डिग्री लॅमिनेट केलेली होती.

पदवीदानानंतर बाबा ती स्वतः आर्वीला घेऊन गेले होते आणि झेरॉक्सच्या दुकानातून जाड प्लास्टिक चढवून आणली होती. दहावी, बारावीच्या मार्कशीटही त्याच दिवशी. आमच्या खानदानातली पहिली डिग्री, तिला उंदीर लागू नये, ओल लागू नये. बाबांच्या लोखंडी पेटीत ती सातबाऱ्याच्या शेजारी असायची. आता अटेस्टेशनचा शिक्का बसतो मूळ कागदाच्या मागच्या बाजूला, आणि प्लास्टिकवर शाई धरत नाही. लॅमिनेट केलेला कागद काउंटरवरूनच परत येतो.

यूट्यूबवर एकानं इस्त्री फिरवून लॅमिनेशन काढून दाखवलं होतं. मी आधी बारावीच्या मार्कशीटवर करून पाहिलं. खाली सुती ओढणी, वर सुती ओढणी, इस्त्री कोमट. प्लास्टिक कोपऱ्यातून सुटलं, हळूहळू निघायला लागलं, आणि मला वाटलं, जमलं. मग दिसलं की बायोलॉजीचे मार्क प्लास्टिकला चिकटून माझ्या हातात आलेत. कागदावर तिथं पांढरा खवला. बोर्डाकडून दुय्यम मार्कशीट काढावी लागली ती नंतर. डिग्रीला मी हात लावला नाही. नागपूरला सीताबर्डीत एक जण हे काम करतो असं कळलं, त्याच्याकडे नेली. त्यानं गरम हवेच्या यंत्रानं वाटीभर चहा निवेल इतक्या वेळात सोलून दिली. एका कोपऱ्याची झालर गेली, बाकी शाबूत. त्या वेळात मी त्याच्या दुकानाबाहेर उभी होते. आत उभं राहवलं नाही.

घरी बाबांना सांगितलं तर म्हणाले, "कायचं काय बाप्पा! चांगलं केलं तरी वाईटच." आणि बाहेर खाटेवर जाऊन बसले. मला उगाच अपराधी वाटलं.

नावाचा घोळ यापेक्षा जुना होता. आम्ही वानखडे. विदर्भात वानखडेही आहेत आणि वानखेडेही, आणि दोघांना एकमेकांची आडनावं कायम लावली जातात. माझ्या दहावीच्या मार्कशीटवर 'ख' नंतर इंग्रजी ए (a), डिग्रीवरही ए. पण कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर ई (e). तो फॉर्म आमच्या कॉलेजच्या क्लार्कनं पन्नास मुलींचा एका दमात भरला होता आणि आम्ही पन्नास जणींनी न वाचता खाली सह्या ठोकल्या होत्या. त्यात मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं नाव, मग वडिलांचं, शेजारच्या रकान्यात आईचं. पासपोर्ट लग्नानंतर काढलेला, त्यावर नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. म्हणजे मी चार कागदांवर तीन बायका होते.

लग्नाचं प्रमाणपत्र ग्रामपंचायतीतून काढलेलं होतं, नमुना ई. ते नसतं तर अजून लांबलं असतं. त्याच्या जोरावर राजपत्रात नावाची नोंद केली. अर्ज ऑनलाइन होतो. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्राचं ते पान पीडीएफमध्ये येतं आणि त्यावर शेकडो नावांच्या गर्दीत आपली एक ओळ असते. जुनं नाव, नवं नाव. ते पान मी मोबाइलमध्ये मोठं करून दोनतीनदा वाचलं. मग ते राजपत्र आणि दहावीची मार्कशीट लावून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे आडनावाच्या दुरुस्तीचा अर्ज. त्यासोबतच नूतनीकरण, कारण दर पाच वर्षांनी करायचं ते मी बाळंतपणात विसरले होते, आणि त्यासाठी लागणारे सीएनईचे, म्हणजे नर्सच्या पुढच्या प्रशिक्षणाचे, क्रेडिट जमवायला तीन रविवार वर्ध्याला सेमिनारमध्ये बसले. कौन्सिलचं गुड स्टँडिंग सर्टिफिकेट यानंतरच मागता येतं. म्हणजे या बाईचं रजिस्ट्रेशन चालू आहे आणि तिच्यावर काही कारवाई नाही, असा दाखला. तो आधी काढून ठेवूनही उपयोग नसतो, त्याला मुदत असते.

मुंबईला दोनदा गेले. संध्याकाळी वर्ध्याहून विदर्भ एक्सप्रेस, सकाळी दादर, काम, रात्री परतीची गाडी, दुसऱ्या दिवशी दुपारपासून ड्युटी. मुलाला दादरचं पेढ्याचं पाकीट. याहून जास्त सांगण्यासारखं मुंबईत काही घडलं नाही.

मधल्या काळात एक एजंटही भेटला. नागपूरचा. एसी ऑफिस, भिंतीवर बुर्ज खलिफा. साडेतीन लाखांत सगळं, म्हणाला. डेटाफ्लोसकट. "अनुभव कमी पडत असेल तर दाखवू आपण, मोठ्या हॉस्पिटलचं लेटर असतं आमच्याकडे." मी घरी येऊन सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर त्याचं नाव शोधलं, नव्हतं. परवानाधारक एजंटांची यादी तिथं कुणालाही बघता येते. आणि परवाना असलेल्यानंही उमेदवाराकडून सेवाशुल्क घ्यायचं ते जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, असा नियम आहे. त्या एजंटच्या लेटरवर गेलेल्या मुलींचं काय होतं तेही नंतर कळलं. ज्या हॉस्पिटलचं लेटर, त्या हॉस्पिटललाच डेटाफ्लो विचारते. ते म्हणतात, अशी कुणी नव्हतीच. रिपोर्ट निगेटिव्ह. तो डाग मग दुबईपुरता राहत नाही, कारण आखातातल्या इतरही देशांसाठी तीच कंपनी तपासते.

आता परत मस्टरकडे.

दुबईला दोन वर्षांचा अनुभव दाखवायचा होता. ग्रामीण रुग्णालयातली माझी तेव्हा दीडच वर्षं झाली होती. सहा महिने थांबले असते तर जुन्या दवाखान्याचं प्रकरण निघालंच नसतं, पण घाई माझी होती. फॉर्ममध्ये जुना दवाखाना लिहिला, सरांचं २०१९ चं पत्र जोडलं, लेटरहेडवरचा ईमेल दिला. आणि दवाखाना तर बंद. म्हणजे डेटाफ्लो त्या ईमेलवर पत्र पाठवणार आणि ते पत्र कोण उघडणार? उत्तर नाही आलं तर रिपोर्टवर लिहून येतं, पडताळता आलं नाही. निगेटिव्ह नव्हे, पण तेवढ्यानं लायसन्सही मिळत नाही.

मॅडम स्वतः डॉक्टर, आणि नर्सिंग होमची नोंदणी दोघांच्या नावावर होती. त्यामुळं उत्तर द्यायचा अधिकार त्यांना होता. ईमेल मात्र सर बघायचे. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. 'पासवर्ड विसरलात का' दाबलं तर कोड जाणार सरांच्या मोबाइलवर, आणि ते सिम मॅडमनी बंद केलं होतं. मॅडम एकदम गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तो नंबर मी खूप दिवस रिचार्ज करत होते गं."

मला वाटलं, संपलं. आपण उगाच या बाईच्या दारात आलो.

आमच्या दवाखान्यातला कंपाउंडर आता बसस्टँडजवळ स्वतःचं मेडिकल चालवतो. जाता जाता सहज थांबले, ओआरएस घ्यायला. त्याला सांगितलं तर तो काउंटरच्या खालून एक जुनी डायरी काढून म्हणाला, "मेल तं मीच पाहत होतो सिस्टर. सरले कुठं टाइम होता?" औषध कंपन्यांचे मेल, विम्याची बिलं, सगळं तोच बघायचा. डायरीच्या शेवटच्या पानावर, गोळ्यांच्या स्कीमच्या हिशेबाखाली, पासवर्ड होता. सरांच्या जुन्या स्कूटरचा नंबर.

आम्ही दोघं परत मॅडमकडे गेलो. इनबॉक्स उघडला. चार हजारांवर न वाचलेले मेल. त्यात डेटाफ्लोची तीन पत्रं, शेवटचं नऊ दिवसांपूर्वीचं. माझं नाव, माझा पासपोर्ट नंबर, आणि प्रश्न: १ जून २०१७ ही रुजू होण्याची तारीख बरोबर आहे का?

म्हणूनच ते कपाट उघडलं होतं.

कंपाउंडर पटकन म्हणाला, "हो म्हनून लिहून टाका न मॅडम. कोन येते पाहाले?" मॅडमनी चष्मा वर केला. "मस्टर समोर आहे आणि हो लिहू?" विषय तिथंच मिटला. खरं सांगायचं तर 'हो लिहा' हे माझ्याही जिभेवर आलं होतं.

मॅडमनी नवं पत्र लिहिलं. १७ जुलै २०१७ ते ३० सप्टेंबर २०१९, पद स्टाफ नर्स, पूर्णवेळ, दवाखाना कधी बंद झाला, नोंदणी क्रमांक, आणि आधीच्या पत्रातला महिना चुकीचा होता हेही. मस्टरच्या दोन्ही पानांचे फोटो जोडले. मी माझ्या बाजूनं डेटाफ्लोला कळवलं की तारीख माझ्याकडून चुकली आणि सुधारित पत्र अपलोड केलं. दोन वर्षं चार महिन्यांतला दीड महिना गेला, तरी दोन वर्षं भरतच होती. म्हणजे ज्या तारखेसाठी माझा जीव वर-खाली होत होता ती खरी सांगितल्यानं माझं काहीच बिघडणार नव्हतं.

त्यानंतरचे पाच आठवडे मी दिवसातून दहादा स्टेटस बघायचे. नाइट ड्युटीत तर जास्तच. विद्यापीठाचं उत्तर आलं, कौन्सिलचं आलं, ग्रामीण रुग्णालयाचं आलं. जुन्या दवाखान्याचं सगळ्यात शेवटी. चारही पॉझिटिव्ह. तेव्हा मी एका पेशंटचं सलाइन बदलत होते. मोबाइल वाजला, बघितला, खिशात टाकला, आणि ड्रिपचे थेंब मोजायला लागले ते दोनदा चुकले.

लायसन्ससाठीची प्रोमेट्रिकची परीक्षा पहिल्याच फेरीत निघाली. त्यात नवल नाही. ग्रामीण रुग्णालयात एकट्यानं रात्र काढलेल्या नर्सला 'आधी कोणता पेशंट बघाल' हा प्रश्न अवघड जात नाही. एवढंच की तिथल्या पर्यायांमध्ये 'अँब्युलन्सला फोन लावून वाट बघणे' हा पर्याय नव्हता.

मग राहिलेले शिक्के. ओमानवाल्या बॅचमेटचं काम सोपं होतं. ओमान अपोस्टिल, म्हणजे हेग करारातल्या देशांनी एकमेकांत मान्य केलेला दाखला, मानतो, म्हणून परराष्ट्र मंत्रालयाचं एक स्टिकर लागलं की झालं. भारत त्या हेग करारात २००५ मध्ये आला. यूएई त्यात नव्हता, त्यामुळं मला मंत्रालयाच्या शिक्क्यावर दूतावासाचाही हवा होता. मंत्रालय थेट आपल्या हातून कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या एजन्सीकडे द्यावा लागतो. मूळ डिग्री कुरिअरनं पाठवायची या कल्पनेनंच बाबांची झोप उडाली. रोज सकाळी विचारायचे, "पोचली का?"

आता ऑफर लेटर आलंय, एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे कामासाठी देशाबाहेर जायची सरकारी परवानगी, बाकी आहे. पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे ही परवानगी हवी असा शेरा, नसला तरी २०१५ पासून नर्सना आखातासह अठरा देशांत कामाला जाताना हा क्लिअरन्स लागतो, हे आमच्याकडच्या बऱ्याच मुलींना माहीत नसतं आणि व्हिजिट व्हिसावर पाठवणारे ते सांगत नाहीत.

डिग्री मागच्या मंगळवारी परत आली. पाकीट बाबांनीच फोडलं. कागद उलटा करून उजेडात धरला. मागची बाजू शिक्के, सह्या आणि स्टिकरांनी भरून गेली होती, रिकामी जागा शोधावी लागावी अशी. त्यांनी प्रत्येक शिक्क्यावरून बोट फिरवलं. झालर गेलेल्या कोपऱ्यावर बोट थांबलं.

"आता तं झालं न सारं?"

"हो बाबा, झालं."

"मंग आर्वीले जाऊन लॅमिनेशन करून आनू का?"